चार एन्कोडर एफपीजीएवर वाचायचेत: व्हेरिलॉग शिकावी की व्हीएचडीएल?

सातपूर_पीएलसी
अंबडच्या एका स्पेशल पर्पज मशीनसाठी चार इन्क्रिमेंटल एन्कोडर (मोटर किती फिरली ते ए आणि बी या दोन पल्स-सिग्नलनी सांगणारे सेन्सर) एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट आपणच ठरवायच्या चिपवर, एकाच वेळी वाचायचे आहेत. एन्कोडर २५०० पल्सचे, मोटर ३००० आरपीएमपर्यंत. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरला दर मिलिसेकंदाला चारही पोझिशन एसपीआय या सिरियल जोडणीवरून द्यायच्या, प्रत्येकी ३२ बिट. एफपीजीए बोर्ड टँग नॅनो ९के. टीमला सी आणि लॅडर येतं, एचडीएल (हार्डवेअर लिहायची भाषा) कोणालाच नाही. कॉलेजातून नवी आलेली मुलं कोणी व्हीएचडीएल सांगतात, कोणी व्हेरिलॉग. कशापासून सुरुवात करावी?

क्लॉक_एज
आधी हिशोब. २५०० पल्स, चारपट डीकोडिंग (ए-बीचा प्रत्येक बदल मोजायचा), सेकंदाला ५० फेरे, म्हणजे सेकंदाला ५ लाख काउंट. बोर्डवरचा क्लॉक २७ मेगाहर्ट्झ, म्हणजे दोन काउंटमध्ये ५४ क्लॉक मिळतात. चिपमध्ये ८६४० लट (एलयूटी, लॉजिकचे छोटे ठोकळे) आहेत, हे काम हजाराच्या आत बसेल. वेग आणि जागा दोन्हींची ददात नाही, तेव्हा भाषा निवडताना एकच बघा: चूक झाली तर ती कुठे पकडली जाते.

माझं मत व्हेरिलॉग, तीही सिस्टिमव्हेरिलॉगच्या (तिच्या विस्तारित रूपाच्या) ढंगात. गोविनचं (तुमच्या बोर्डवरची चिप बनवणाऱ्या कंपनीचं) टूल दोन्ही भाषा घेतं, पण फुकट मिळणारी हत्यारं व्हेरिलॉगकडे जास्त आहेत: सिम्युलेशनला आयकॅरस, लिंटला (कोड न चालवता चुका शोधायला) व्हेरिलेटर, सिंथेसिसला (कोडचं सर्किट करायला) योसिस. व्हीएचडीएलच्या सिम्युलेशनला जीएचडीएल उत्तम आहे, पण योसिसमध्ये ती न्यायला वेगळं प्लगिन लागतं.

सी येणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. दिसायला सीसारखी आहे म्हणून सगळे तिथेच घसरतात. सिंक्रोनायझर (बाहेरचा सिग्नल आपल्या क्लॉकशी जुळवणारे एकामागचे दोन फ्लॉप; फ्लॉप म्हणजे क्लॉकवर एक बिट धरून ठेवणारी पेशी) लिहिताना क्लॉकच्या ब्लॉकमध्ये ‘एस१ = ए; एस२ = एस१;’ लिहिलंत तर एस२ ला त्याच क्लॉकवर ए ची किंमत मिळते. दोन फ्लॉपचा एकच फ्लॉप झाला, सिंक्रोनायझर गेला, आणि टूल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. सिम्युलेशनही बिनबोभाट चालतं. क्लॉकच्या ब्लॉकमध्ये नेहमी ‘<=’, कॉम्बिनेशनल ब्लॉकमध्ये ‘=’. ऑलवेज_एफएफ आणि ऑलवेज_कॉम्ब वापरा, म्हणजे चुकून तयार झालेला लॅच (नको असताना जुनी किंमत धरून ठेवणारं सर्किट) वॉर्निंगमध्ये तरी दिसेल. आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर डिफॉल्ट_नेटटाइप नन लिहा. नाहीतर पोर्टला दिलेल्या नावाचं स्पेलिंग चुकलं की एक बिटाची वायर आपोआप तयार होते आणि ३२ बिटांच्या पोझिशनमधला एकच बिट पुढे जातो.

विडथ_मिसमॅच
भाऊ, शेवटच्या दोन-तीन मुद्द्यांनीच तुम्ही व्हीएचडीएलची बाजू मांडलीत! एवढे नियम पाळावे लागतात याचा अर्थ भाषा स्वतः काही अडवत नाही. व्हीएचडीएलमध्ये न जाहीर केलेलं नाव कंपाइलच होत नाही, आणि ३३ बिटांची किंमत ३२ बिटांत कोंबली तर टूल तिथेच थांबवतं. व्हेरिलॉग वरचा बिट गुपचूप कापून टाकते.

तुमच्या कामात खरा धोका चिन्हाचा आहे. पोझिशन ऋणही होणार. व्हेरिलॉगमध्ये तुलनेतली एक बाजू अनसाइन्ड (बिनचिन्हाची) असली की दोन्ही बाजू अनसाइन्ड धरल्या जातात, मग १६ बिटांचं −१ हे ६५५३५ होऊन बसतं. त्यावर कडी म्हणजे साइन्ड व्हेक्टरचे बिट कंसात निवडले की निकाल अनसाइन्डच, सगळे बिट निवडले तरी. व्हीएचडीएलच्या न्यूमेरिक_एसटीडी पॅकेजात साइन्ड आणि अनसाइन्ड हे प्रकारच वेगळे आहेत, घोळ कंपाइललाच अडतो. जुन्या नोट्समधलं एसटीडी_लॉजिक_अरिथ मात्र टाळा, ते आयईईईचं नव्हे, सिनॉप्सिसचं पॅकेज आहे.

आयईईई मानक म्हणून व्हीएचडीएल १९८७ ची, व्हेरिलॉग १९९५ ची. व्हीएचडीएल अमेरिकी संरक्षण खात्याच्या गरजेतून आली, तिचा काटेकोरपणा तिथला. टायपिंग जास्त होतं, ते कबूल.

क्लॉक_एज
चिन्हाचा मुद्दा रास्त. पण व्हेरिलेटर लिंट-ओन्ली आणि डब्ल्यू-ऑल देऊन चालवला की रुंदीच्या बहुतेक चुका दिसतात. शिवाय इथे एफपीजीएने फक्त मोजायचंय. वजाबाकी-तुलना एसटीएम३२ मध्ये करा, इंट३२ म्हणून. आणि काटेकोर व्हीएचडीएलमध्येही व्हेरिएबल वापरून तो एस१-एस२ चा घोळ घालता येतोच.

लाइन_रिसिव्हर
भाषेवर इतकं रणकंदन चाललंय, पण मशीन अडेल ते दुसरीकडेच.

एन्कोडर ५ व्होल्ट डिफरन्शियल (एकेक सिग्नल दोन तारांच्या जोडीवर) असेल तर एएम२६एलव्ही३२ ही लाइन रिसिव्हर चिप घ्या, ३.३ व्होल्टवर चालतो. एका चिपमध्ये चार रिसिव्हर, म्हणजे आठ सिग्नलना दोन चिप, झेड (फेऱ्यातून एकदा येणारा पल्स) हवा असेल तर तीन. प्रत्येक जोडीवर १२० ओहमचं टर्मिनेशन. २४ व्होल्टचे पुश-पुल असतील तर ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारी चिप) लागेल, पण पीसी८१७ नको. फेजवर १२५ किलोहर्ट्झ येणार, तिथे त्याचा निभाव लागत नाही. ६एन१३७ घ्या. बोर्डवरचे काही पिन १.८ व्होल्टच्या बँकेत (पिनांच्या गटात) आहेत, ३.३ चा सिग्नल तिथे लावू नका. स्कीमॅटिक उघडून पिन निवडा.

ए आणि बी दोन्हींना दोन-दोन फ्लॉप. त्यामागे फिल्टर: सलग चार सॅम्पल सारखे आले तरच नवी किंमत घ्यायची. ५४ क्लॉकांत चार सहज परवडतात, आणि शेजारच्या काँटॅक्टरचे स्पाइक गळून पडतात. एका क्लॉकवर ए आणि बी दोन्ही बदललेले दिसले तर मोजू नका, एरर बिट लावा. बहुतेक वेळा ते केबल किंवा शील्डचं लक्षण असतं.

एसपीआयचा सीएस (चिप निवडणारा सिग्नल) खाली येताच चारही काउंटर एका वेगळ्या रजिस्टरमध्ये उतरवा आणि तेच पाठवा. चालू काउंटर थेट पाठवलात तर वरचे बिट जुने आणि खालचे नवे अशी पोझिशन मिळते, ६५५३५ वरून ६५५३६ वर जाताना तर थेट उडीच. एससीके (एसपीआयचा क्लॉक) २ मेगाहर्ट्झ ठेवा. २७ मेगाहर्ट्झवर सॅम्पल केल्यावर एमआयएसओला (एफपीजीएकडून एसटीएम३२ कडे जाणाऱ्या डेटाला) तीन-चार क्लॉक उशीर होतो, म्हणजे ११० ते १५० नॅनोसेकंद. २ मेगाहर्ट्झच्या अर्ध्या पिरियडमध्ये, २५० मध्ये, ते बसतं. १२८ बिटांना ६४ मायक्रोसेकंद लागतील.

सातपूर_पीएलसी
एन्कोडर ५ व्होल्ट डिफरन्शियलच आहेत. मुलांना सी येतं, तर एचएलएसने (सी कोडवरून हार्डवेअर तयार करणाऱ्या टूलने) भागेल का?

क्लॉक_एज
नाही. व्हिटिस एचएलएस एएमडीच्या चिपसाठी आहे, तुमची गोविनची. आणि इथे क्लॉकगणिक बिट हलवायचे आहेत, तिथे सीतून जाणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. आधी एकाच एन्कोडरचा डीकोडर लिहा, टेस्टबेंचमध्ये (सिम्युलेशनमधल्या चाचणीच्या कोडमध्ये) मधेच दिशा उलटवा आणि एका क्लॉकचा स्पाइक घाला. काउंट बरोबर आला की मगच चार करा.