रॅसिमिक म्हणजे द्राक्षांचा घड, हे वर्गात का सांगत नाहीत?

निफाडकर:
भाची बारावीला आहे. 'रॅसिमिक मिश्रण' म्हणजे काय विचारलं, तर एका दमात म्हणाली: एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले डावे-उजवे रेणू समसमान, म्हणून ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश कुठेच वळत नाही. बरोबर. पण लॅटिनमध्ये 'रॅसिमुस' म्हणजे द्राक्षांचा घड, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. गोडी छाटणी झाली की जिच्या घरी घडांखेरीज दुसरा विषय नसतो, तिला हा शब्द परका वाटावा? निदान आपल्या जिल्ह्यात तरी हा धडा घडापासून सुरू व्हावा.

गंगापूर रोड:
मी रसायनशास्त्र शिकवते. मला हे पटत नाही. मागे एकदा वर्गात घड सांगितला, तर एका मुलानं चाचणीत लिहिलं, 'द्राक्षापासून मिळणारं मिश्रण'. गुण गेले. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल रॅसिमिक नसतंच, ते प्रकाश उजवीकडे वळवणारं एकच रूप असतं. रॅसिमिक आम्ल १८२०च्या सुमारास फ्रान्सच्या आल्सास भागातल्या टार्टारिक आम्लाच्या कारखान्यात सापडलं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाकनं त्याला हे नाव दिलं, तेव्हा डावं-उजवं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. थॅलिडोमाइड हे औषधही रॅसिमिकच होतं. त्यात द्राक्षं कुठे आहेत?

दिंडोरी वायनरी:
टाकी थंड केली की आतून भिंतीला खडे धरतात, आम्ही ते दरवर्षी खरवडतो. ताई म्हणतात ते खरं, हा टार्टारिकचा पोटॅशियम क्षार, रॅसिमिक नव्हे. तरी मुलांना एकदा आणून दाखवा. हातात खडा घेतला की आम्ल लक्षात राहतं.

निफाडकर:
ताई, त्या मुलाला अर्धीच गोष्ट कळली. १८४८मध्ये पाश्चरनं रॅसिमिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरून डावे एकीकडे, उजवे एकीकडे असे हातानं निवडले. तिथून घडाच्या नावाला 'समसमान मिश्रण' हा अर्थ आला. हे सांगितलं की मुलगा द्राक्षात अडकत नाही. पुढे जीवरसायनशास्त्रात 'अ‍ॅलानिन रॅसिमेझ' येतं. जिवाणू आपल्या पेशीभिंतीसाठी एल-अ‍ॅलानिनचं डी-अ‍ॅलानिन करतात, म्हणजे त्या अमिनो आम्लाचं आरशातलं रूप, ते याच विकरानं (एन्झाइमनं). घड ते पाश्चर हा रस्ता माहीत असेल, तर त्या नावातच त्याचं काम दिसतं.

गंगापूर रोड:
पाश्चरपर्यंत नेणार असाल तर माझी हरकत निम्मी कमी झाली. पण क्रम माझाच: आधी रेणूंची प्रतिकृती हातात, मग व्याख्या, घड शेवटी. तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो, दादा.