हेळसांड, कसूर, अभित्याग: कुठला शब्द कुठे?

प्रश्न: एका दाव्याच्या कागदांचं भाषांतर करते आहे. कर्तव्य जाणूनबुजून टाळणं आणि माणसाला सोडून देणं, दोन्हींना पुरेल असा एक शब्द आहे का? 'दुर्लक्ष' फार मवाळ वाटतं.

उत्तर: आधी दावा कसला ते सांगा. कचेरीतला असेल तर 'कर्तव्यात कसूर'. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्या आणि दप्तरदिरंगाईच्या कायद्यात हेतुपुरस्सर केलेला विलंब म्हणजे कसूरच. पण नुसता 'कसूर' नकळत झालेल्या चुकीलाही चालतो, म्हणून मागे 'हेतुपुरस्सर' लावावं लागतं. 'कुचराई'ला ते लागत नाही. अंग राखणारा नकळत थोडाच राखतो!

नवराबायकोचा असेल तर 'अभित्याग', म्हणजे जोडीदाराला सोडून देणं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 नुसार सलग दोन वर्षांचा अभित्याग हे घटस्फोटाचं कारण आहे. (मुंबई प्रांताच्या 1947 च्या कायद्यात ही मुदत चार वर्षं होती.) त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात जोडीदाराची बुद्धिपुरस्सर उपेक्षाही अभित्यागात धरली आहे. म्हणजे तुमचे दोन्ही अर्थ कायद्यानेच एकत्र बांधलेत.

प्रश्न: नवराबायकोचाच आहे. पण पक्षकार बाई 'अभित्याग' कुठून म्हणणार? त्यांच्या तोंडी 'टाकली' आहे.

उत्तर: जबाबात 'टाकली'च ठेवा. हेतू त्यात आलाच: वस्तू चुकून पडते, टाकतात ती मुद्दाम.

दुसरं उत्तर: 'हेळसांड' कुणाला कसा सुचला नाही? हेळ म्हणजे संस्कृत 'हेला', अनादर, 'अवहेलना'तही तोच. सांडणे म्हणजे जुन्या मराठीत टाकून देणे. आता आपल्याकडे फक्त दूध सांडतं, ज्ञानेश्वरीच्या मराठीत माणसं अहंकार सांडायची. तेव्हा आधी किंमत न देणं, मग टाकणं, दोन्ही एका शब्दात. शेजारी 'आबाळ' ठेवून पाहा. आई आजारी पडली की पोरांची आबाळ होते, त्यात कुणाचा दोष नसतो. हेळसांड म्हटलं की ती केली कुणी, हा प्रश्न येतोच.

पहिलं उत्तर: व्युत्पत्ती छान, पण आज हेळसांड तब्येतीची होते, कागदांची होते, आणि करणारा बहुधा त्याच घरात राहत असतो. घर सोडून गेलेल्याला तो शब्द तोकडा पडेल.

प्रश्न: इथला नवरा दोन वर्षं त्याच घरात होता. स्वयंपाकघराला मात्र कुलूप.

पहिलं उत्तर: मग कलमाच्या मथळ्यात 'अभित्याग', आणि बाईंच्या हकिकतीत बेलाशक 'हेळसांड'.