मदत हवी आहे: ओघळीतले दगडी बांध कडेने फुटताहेत

नमस्कार मंडळी,

आमचा वीस-बावीस हौशी लोकांचा गट आहे. दोन वर्षं नदीकाठचा कचरा उचलत होतो, पण पात्रात गाळ दर पावसाळ्यात तेवढाच. तो वरच्या उतारावरच्या ओघळींतून येतोय हे आम्हाला जरा उशिराच उमगलं. म्हणून यंदा माथ्याकडून सुरुवात केली. एका ओघळीत सात अनगड दगडी बांध (सिमेंट न लावता नुसते दगड रचून केलेले) घातले, काठावरची घाणेरी (टणटणी, बाहेरून येऊन माजलेलं झुडूप) मुळासकट उपटली. परवाच्या पहिल्या मोठ्या पावसात सातांतले चार गेले.

गेले म्हणजे दगड वाहून गेले नाहीत. बांध जागच्या जागी आणि पाणी बगलेतून माती कापत पुढे. एका ठिकाणी तर ओघळ आणखी हातभर रुंद झाली. म्हणजे गाळ अडवायला गेलो आणि आम्हीच वाढवून ठेवला!

मोजमापं देतो. ओघळीचा उतार ५ टक्के (प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून पातळी काढली), बांधाची उंची ७५ सेंमी, दोन बांधांतलं अंतर ३० मीटर. बांधाचा माथा एका रेषेत सपाट ठेवला होता, दिसायला फार छान. फोटो आहेत, पण आता बघवत नाहीत.

आता गटात दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात, सिमेंट ओता. मला पटत नाही, कारण कडेची माती उघडीच राहिली तर पाणी सिमेंटलाही वळसा घालेल. नेमकं चुकलं कुठे? आणि घाणेरी काढायला नको होती का?

प्रतिसाद १:
तो सपाट माथाच नडला. मधला भाग कडांपेक्षा २०-३० सेंमी खाली हवा, म्हणजे पाणी मधूनच सांडतं. बांधाची दोन्ही टोकं काठाच्या मातीत निदान अर्धा मीटर आत घुसवा आणि पाणी पडतं तिथे खाली दगड पसरा, नाहीतर पायथा उकरला जातो. अंतरही जास्त आहे. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यायला हवा. ५ टक्के उताराला ७५ सेंमीचा बांध म्हणजे १५ मीटर. सिमेंट नकोच.

घाणेरी काढायलाच हवी, पण ऐन पावसाच्या तोंडावर काठ उकरून नव्हे. बुंध्याच्या जरा खाली मूळ तोडायचं, माती हलवायची नाही आणि लगेच स्थानिक गवताचे ठोंब लावायचे.

मूळ लेखक:
आभार! कडा उंच ठेवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पण १५ मीटर म्हणजे सातांच्या जागी तेरा बांध. एवढे दगड आणायचे कुठून? ओघळीच्या तळातले उचलले तर चालतील?

प्रतिसाद २:
तळात रुतलेले अजिबात उचलू नका, तळ त्यांच्यामुळेच टिकून आहे. उतारावरचे सुटे घ्या. वरच्या टोकापासून रचत या. दगड संपले तर खालच्या जागा यंदा रिकाम्या राहू द्या. आणि कडेने न फुटलेले तिन्ही बांध आधी मधून खाली करून घ्या, पुढच्या सरीच्या आत. तासाभराचं काम आहे.