एडिंबरा मिलिटरी टॅटू: वडील (७६) आणि मुलगी (८) सोबत, कोणता खेळ घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही लीड्सला राहतो. जुलैत माझे बाबा चंदगडहून येताहेत. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. बरीच वर्षं पलटणीच्या पाइप बँडमध्ये (बॅगपाइप आणि ढोल) होते. सरावाची बासरीसारखी नळी, ते तिला चँटर म्हणतात, अजून धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेली आहे. आता दम पुरत नाही म्हणून वाजवत नाहीत. पण टीव्हीवर २९ जानेवारीचा बीटिंग रिट्रीट लागला की त्यांची बोटं काठीच्या मुठीवर आपोआप उघडझाप करायला लागतात. सूर कुठला चाललाय ते बोटांवरून कळतं.

त्यांना एडिंबराचा टॅटू, म्हणजे तिथल्या किल्ल्यासमोर दर ऑगस्टात होणारा लष्करी बँड आणि कवायतींचा खेळ, दाखवायचा आहे. लेकीला टॅटू म्हणजे गोंदणं वाटलं होतं. फोनवर आजोबांनीच समजावलं, की जुन्या काळी हॉलंडकडे ढोलवाले रात्री गावातून फिरत, 'पिंपांच्या तोट्या बंद करा' असं गुत्तेवाल्यांना सांगत आणि शिपाई छावणीत परतत. त्या डच शब्दांचा टॅटू झाला. तेव्हापासून तीही 'कधी जायचं' म्हणून मागे लागली आहे.

माझी अडचण अशी. सोमवार ते शुक्रवार एकच खेळ, तोही रात्री उशिरा. शनिवारी दोन असतात, त्यातला पहिला संध्याकाळी लवकर. लेकीच्या झोपेच्या दृष्टीने तो बरा. पण ऑगस्टात तिकडे तेव्हा लख्ख उजेड असतो. आणि बाबांची एकच मागणी आहे, शेवटी किल्ल्याच्या तटावर एकटा पाइपवाला उभा राहतो, ते काळोखात बघायचं. म्हणाले, "पलटणीत रिट्रीटला झेंडा उतरताना मी एकटाच वाजवायचो. दुसऱ्यानं वाजवलेलं मला समोर बसून ऐकायचंय."

आता सांगा, कुणाचं ऐकू?

शिवाय: मध्यंतर नसतं, दीड तासाच्या वर बसायचं, बाबांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत. लेकीला मोठे आवाज सहन होत नाहीत, दिवाळीत कानावर हात ठेवून आत पळते. पावसाचं काय करायचं? टॅटू ऑगस्टातच असतो, आणि बाबांना गणपतीच्या आधी घरी पोहोचायचंच आहे.

प्रतिसाद १

ताई, उशिराचाच घ्या, पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, शेवटाला सव्वाआठच्या आसपास. म्हणजे त्या आठवड्यात खेळ सुरू होतानाच अंधार असतो. किल्ल्याच्या भिंतीवर प्रकाशचित्रं टाकतात, तीही तेव्हाच खरी खुलतात. आम्ही एकदा शनिवारचा लवकरचा पाहिला. कवायत अप्रतिम, शेकडो पाइप आणि ढोल एकदम दरवाजातून बाहेर येतात तेव्हा छातीत धडधडतं, पण तटावरचा पाइपवाला उजेडात नुसता एक माणूस दिसतो. काळोखात त्याच्यावर एकच झोत पडतो आणि आठ-साडेआठ हजार माणसं गप्प होतात. बाबांसाठी चालला आहात तर त्यांना तेच दाखवा. लेकीला दुपारी झोपवा.

जागा: बसायची रचना घोड्याच्या नालेसारखी आहे. पूर्वेचा स्टँड किल्ल्याच्या बरोब्बर समोर, कवायतीचे आकार तिथून सरळ दिसतात. उत्तर-दक्षिणेचे बाजूने. गुडघ्यांचं तिकीट काढतानाच सांगा आणि कमी पायऱ्यांची जागा मागून घ्या. सगळे स्टँड दरवर्षी उभारतात आणि उतरवतात, त्यामुळे पायऱ्या अंगणातल्यासारख्या नाहीत, चढ उभा आहे.

प्रतिसाद २

पावसाबद्दल: वर छप्पर नाही आणि पाऊस आला म्हणून खेळ थांबत नाही. छत्री उघडायची नाही, मागच्यांना दिसत नाही. टोपीवाला रेनकोट, आत थर्मल, पायात लोकरीचे मोजे. ऑगस्ट म्हणून फसू नका, रात्री किल्ल्यावरचा वारा चंदगडच्या श्रावणासारखा नाही, कोरडा असला तरी बोचतो. बसायला एक छोटी उशी न्याच. मोठी बॅग मात्र नको, तपासणीत वेळ जातो.

चढण वेगळी. वेव्हर्ली स्टेशनवरून किल्ल्यापर्यंत सगळा चढ आहे आणि शेवटचा रस्ता दगडी. खेळाच्या वेळी वरचे रस्ते बंद असतात, टॅक्सी दारापर्यंत जात नाही. बसने जॉर्ज द फोर्थ ब्रिजला उतरा, तिथून चालणं बरंच कमी. दीड तास आधी निघा, बाबांना दोनदा थांबता येईल.

प्रतिसाद ३

आवाजाची भीती घालवायला एक करून पाहा. किल्ल्यावरून रविवार सोडून रोज दुपारी एकला तोफ सुटते, १८६१ पासून. लेकीला कानावरचे मफ घालून खाली प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत घेऊन जा, किल्ला लांब दिसेल तिथे. आधी सांगा, मोजायला लावा. आमच्या मुलाने पहिल्या दिवशी डोळे मिटले होते, दुसऱ्या दिवशी घड्याळ त्यानेच हातात धरलं.

ऑगस्टात फ्रिंज हा नाटकांचा आणि करमणुकीचा महोत्सवही चालू असतो. १९४७ साली एडिंबराच्या मुख्य कला महोत्सवाला आठ नाटक मंडळी न बोलावता आली, तिथून तो सुरू झाला. मुलांच्या खेळांना वयोगट लिहिलेला असतो, सकाळचे भरपूर असतात. किल्ल्याकडे जाणाऱ्या रॉयल माईल रस्त्यावर जादू आणि कसरती रस्त्यातच, शेवटी टोपीत पैसे टाकायचे. टॅटूच्या दिवशी मात्र दुसरं काही ठेवू नका, दोघंही दमतील.

२०१७ ला टॅटूत आपल्या नौदलाचा बँड होता. बाबांना सांगा, आवडेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटच्या आठवड्यातला मंगळवार घेतला, पूर्वेचा स्टँड, पायऱ्या कमी असलेली रांग. फोनवर बाबांना सांगितलं तर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "चँटर आणू का?" मी आणा म्हटलं.

म्हणून अजून एक विचारते. खेळ संपल्यावर पाइपवाले कुठून बाहेर पडतात, कुणाला माहीत आहे का? बाबांना फक्त दोन मिनिटं बोलायचं आहे, त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण सूर दाखवता येतील.