बेस घरी भरदार, ऑर्केस्ट्रात गायब: टोनसाठी नेमकं काय बदलू?

पांझराकाठ, धुळे

राम राम मंडळी. बेस गिटार स्वतःची स्वतःच शिकतोय, ३ वर्षं झाली. चार तारांचा, दोन पिकअपचा (तारेचा आवाज पकडणारी चुंबक-कॉइल) पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेला, जॅझ बेस आहे. तारा ४५-१०५ जाडीच्या निकेल राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या), ८ महिन्यांपूर्वी लावलेल्या. घरी ऑडिओ इंटरफेस आणि छोटा अ‍ॅम्प. खोली १० बाय १० फूट, वर स्लॅब, खाली फरशी, भिंतीला टेकून बसतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ६ मीटरची केबल सरळ मिक्सरला जाते.

घरी दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण, अ‍ॅम्पवर बेस-ट्रेबल चढवलेले, मिड उतरवलेला. एकट्याने ऐकताना आवाज मस्त भरतो. ऑक्टापॅड आणि कीबोर्ड सुरू झाले की त्याच आवाजाची नुसती घरघर उरते, सूर कळतच नाही. शिवाय मोकळी ए तार दणदणते, बाकीचे सूर त्यापुढे पातळ वाटतात. एकच पिकअप चालू ठेवला की हम (विजेची गुणगुण) येतो. वरच्या फ्रेटवर तार थोडी खडखडते.

कुणाची नक्कल नको आहे. गोल पण स्पष्ट, आणि दोन सुरांत ओळखू येईल असा आवाज हवा आहे. बजेट ७ हजार. पिकअप बदलू, प्रीअ‍ॅम्प पेडल घेऊ, की नवा अ‍ॅम्प?

चारतारी, भुसावळ

भाऊ, सात हजार सध्या खिशातच राहू द्या. पिकअप बदलून जेवढा फरक पडेल, त्याहून मोठा फरक उजवा हात चार बोटं इकडेतिकडे सरकवला की पडतो. ब्रिजजवळ (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) तार ताठ लागते. तिथे मूळ सूर कमी आणि वरचे उपस्वर जास्त येतात, म्हणून आवाज घट्ट आणि थोडा नाकातला. नेककडे, म्हणजे दांड्याकडे, सरकाल तसा मूळ सूर वाढतो, आवाज गोल होतो, पण फार पुढे गेलात तर कडा बोथट होते. तुम्हाला हवा तो ‘गोल पण स्पष्ट’ बहुतेक दोन पिकअपच्या मधल्या पट्ट्यात सापडेल.

तो असा शोधा. मेट्रोनोम ८० वर ठेवून चार मात्रांचा एकच तुकडा इंटरफेसमध्ये रेकॉर्ड करा, ईक्यू (बेस-मिड-ट्रेबलची चढ-उतार) अजिबात न लावता. हात आधी नेकच्या टोकाशी, मग दोन पिकअपच्या मधे, मग ब्रिजच्या पिकअपवर. प्रत्येक जागी टोनचा नॉब एकदा पूर्ण उघडा, एकदा अर्धा. सहा फाइली होतील. सगळ्यांची पातळी सारखी करा, कारण जो आवाज मोठा तो कानाला चांगला वाटतोच. फाइलींना नुसते आकडे द्या आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या ढोलकीच्या ठेक्यावर क्रम बदलून ऐका. ठेक्याशिवाय ऐकू नका. एकटा बेस नेहमी फसवतो.

बोट तारेतून ओढून पुढच्या तारेवर टेकू द्या. वर उचलून छेडलं तर तार फ्रेटवर आपटते आणि आवाज बारीक होतो. डाव्या हाताचं बोट फ्रेटच्या अगदी मागे, फ्रेटवर नाही. आणि सूर कुठे थांबवता याकडे जेवढं लक्ष द्याल तेवढं थोडं. ऑर्केस्ट्रातली घरघर पुष्कळदा न दाबलेल्या मोकळ्या तारांची असते. वरच्या तारा वाजवताना अंगठा ई तारेवर टेकवून ठेवा.

तारा: ८ महिन्यांच्या, धुळ्याच्या उन्हाळ्यातला घाम प्यालेल्या राउंडवाउंड म्हणजे वरचे उपस्वर गेलेच. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. हवा असलेला सूर जुना आणि मऊ असेल तर फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) लावा. महाग असतात पण वर्षानुवर्षं चालतात. त्यांचा ताण सहसा जास्त असतो, म्हणून नेक पुन्हा तपासावी लागते. पैसे घालायच्या आधी फोमचा प्रयोग करा: गादीवाल्याकडून साधारण इंचभर रुंद पट्टी कापून आणा आणि ब्रिजला लागून तारांखाली बसवा. फोम तारेला नुसता टेकला पाहिजे. दाबून बसवलात तर सूर मरतो आणि किंचित चढतोही. बेसवादक जेम्स जेमरसन यांच्या आवाजात जुन्या फ्लॅटवाउंड, ब्रिजच्या झाकणाखालचा फोम आणि उजव्या हाताची एकच तर्जनी हे तिन्ही होतं. उलट टोकाला जॅको पास्टोरियस: फ्रेट काढलेला जॅझ बेस, राउंडवाउंड आणि ब्रिजचा पिकअप. दोघांचं वेगळेपण हात आणि तारेपासूनच सुरू होतं.

खडखडीचं: आधी बेस सुरात लावा. मग ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथे दाबा, आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट मोजा. ०.३ ते ०.३५ मिलिमीटर हवी. स्पेअर पार्टच्या दुकानात टॅपेट सेटिंगचा फिलर गेज मिळतो, त्याचीच पाती वापरा. मोजून इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

सोल्डरवाला, जळगाव

चारतारी जिभाऊंनी हात आणि तार सांगितली, मी विजेकडून सांगतो.

पॅसिव्ह बेसला समोर साधारण १ मेगाओहमचा (१० लाख ओहमचा) इनपुट लागतो. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला तो १० किलोओहमच्या आसपास असतो. एवढा भार पडला की पिकअपचे वरचे उपस्वर तिथेच मरतात आणि टोनचा नॉब फिरवला तरी काही होत नाही. तुमची अर्धी घरघर ही आहे. मिक्सरवर एखाद्या चॅनलला हाय-झेड किंवा गिटारचं बटण असेल तर त्यात लावा. नसेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (बेस आणि मिक्सर यांच्यामधे लावायची, विजेवर चालणारी डबी) घ्या. तुमच्या बजेटमधली ही एकच वस्तू मी आज घेईन. अ‍ॅक्टिव्हच घ्या: पॅसिव्ह डीआयचा इनपुट बऱ्याचदा दीड लाख ओहमच्या आतच असतो, तो जॅझ बेसला कमी पडतो. फँटम (मिक्सर केबलमधूनच डीआयला देतो ती वीज) सुरू करताना चॅनल बंद ठेवा, नाहीतर स्पीकरमध्ये जोरात धाडकन होतं. आणि चॅनलवरचं लो-कट (खालचे सूर कापणारं) बटण पाहून घ्या. ते बहुधा ८० किंवा १०० हर्ट्झवर असतं, आणि तुमची मोकळी ई ४१ ची आहे.

हमचं: एकाच पिकअपवर येतो आणि दोन्ही पूर्ण केले की जातो, असं असेल तर बिघाड नाही. सिंगल कॉइलचा स्वभाव तो. दोन पिकअप उलट गुंडाळलेले असतात म्हणून एकमेकांचा हम खोडतात. ५० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी, ४९ चा. म्हणून तो सूर ‘घाण’ वाटतो आणि दोष तारेला जातो. तारेला हात लावल्यावर हम कमी होत असेल तर ब्रिजची ग्राउंड वायर ठीक आहे, शील्डिंग कमी आहे. पिकअपच्या खोबणीत आणि नॉबच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावा, सगळे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला जोडा, मल्टिमीटरवर ब्रिज ते जॅकची बाहेरची बाजू जवळजवळ शून्य ओहम आली पाहिजे. पट्टी जॅकच्या आतल्या टोकाला लागली तर आवाजच बंद होईल. हात लावल्यावर हम वाढला तर वायर तुटलेली आहे किंवा घराचं अर्थिंग नाही.

मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. वायरमनकडून तपासून घ्या आणि खड्ड्यात पाणी घालत जा. मांडवात जनरेटरवर वाजवताना तर हे जिवाशी आहे: मिक्सर, अ‍ॅम्प, डीआय सगळं एकाच बोर्डावरून घ्या, आणि गाण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून तार आणि माइकची जाळी यांत मोजा. १० व्होल्टच्या वर दिसलं तर माइकला ओठ लावू नका आणि वाजवूही नका. प्लगची अर्थ पिन कापून हम घालवणं, हे कधीच नाही. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर वेगळी करकरीत भुणभुण येते, ती बेसची नाही.

टोनच्या नॉबचा कॅपॅसिटर मात्र स्वस्तात बदलून बघण्यासारखा आहे. जॅझ बेसला ०.०४७ मायक्रोफॅरड असतो, त्यावर ४७३ लिहिलेलं असतं. २२३ लिहिलेला, म्हणजे ०.०२२ चा लावला तर नॉब बंद केल्यावर आवाज एवढा बुडत नाही, मधला भाग थोडा टिकतो. नॉब पूर्ण उघडा असताना फरक कळत नाही.

ऑक्टापॅडशेजारी, अमळनेर

ए तार का दणदणते ते खोलीवरून काढता येतं. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग साधारण सेकंदाला ३४६ मीटर, भागिले लांबीच्या दुप्पट: सुमारे ५७ हर्ट्झ. मोकळी ए ५५ ची, तिचा पहिला फ्रेट ५८ चा. तुमची लांबी-रुंदी दोन्ही सारखी, म्हणून तोच सूर दोनदा फुगतो. त्यात तुम्ही भिंतीला टेकून बसता, जिथे तो सर्वांत जास्त असतो. बरोबर मध्यावर बसलात तर तोच सूर नाहीसा होईल, तेही खोटं. भिंतीपासून तीन-साडेतीन फुटांवर बसा, अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढा. गाद्या उभ्या केल्याने टाळीचा घुमारा मरतो, ५७ हर्ट्झला कापसाच्या गादीने काही होत नाही. तोपर्यंत टोनचा निर्णय हेडफोनवरच घ्या.

आता मिड. तुम्ही जो भाग उतरवलाय तिथेच बेसचा सूर कळतो. ऑक्टापॅडचा किक (मोठ्या ढोलाचा ठोका) ५०-६० च्या आसपास बसतो, वर झांजा आणि गायक. बेसला जागा उरते ती ९० ते १२० आणि पुन्हा ७०० ते ८०० हर्ट्झला. सगळे नॉब मध्यावर आणा. मग २५० ला ३ डीबी कमी, ७०० ला ३-४ डीबी जास्त. मिक्सरचा मिड २.५ किलोहर्ट्झवर ठरलेला असेल तर तो चढवून फक्त बोटांची खरखर वाढेल, तेव्हा बेसवरूनच करा: नेकचा पिकअप पूर्ण, ब्रिजचा थोडा कमी. दोन्ही पूर्ण असताना मधला भाग एकमेकांत खोडला जातो, एक किंचित उतरवला की तो परत येतो. हम थोडा वाढेल, तेवढा गाण्यात ऐकू येत नाही.

आणि सर्वांत आधी कीबोर्डवाल्या दादांना विचारा की स्टाईलमधला (कीबोर्डच्या तयार साथीतला) बेस पार्ट चालू आहे का. दोन बेस एकाच जागी वाजत असतील तर तुम्ही काहीही केलं तरी घरघरच येणार. त्यांनी तो म्यूट करावा आणि डावा हात वरच्या सप्तकात न्यावा.

पांझराकाठ, धुळे

खूप आभार. स्टाईलचा बेस पार्ट चालूच होता! फिलर गेजने मोजलं, आठव्या फ्रेटवर ०.७ मिलिमीटर. बेस कूलरच्या समोरच्या भिंतीवर टांगलेला असतो. ट्रस रॉडची (नेकमधल्या सळईची) चावी कुठल्या बाजूला फिरवायची?

चारतारी, भुसावळ

०.७ म्हणजे नेक पुढे वाकलीय, वरच्या फ्रेटची खडखड त्यातूनच असणार. पहिल्यांदा बेस कूलरच्या झोतातून काढा. तो ओलावा दिवसा मिळतो, रात्री तुटतो, लाकूड त्याबरोबर हलत राहतं.

चावी नीट बसली का बघा, सैल बसली तर नटाचे कोपरे घासले जातात. घड्याळाच्या दिशेने पाव फेरी, जास्त नाही. जड लागली तर जोर करू नका, तारा उतरवून नेक हाताने किंचित मागे धरा आणि मग फिरवा. पुन्हा सुरात लावा, रात्रभर ठेवा, सकाळी मोजा. गरज असेल तर आणखी पाव फेरी. ०.३५ च्या आसपास आलं की थांबा, मगच सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा): सतराव्या फ्रेटवर ई तार २.४ आणि जी तार २ मिलिमीटर. त्यानंतर शेवटचा फ्रेट दाबून पिकअपची उंची: ई खाली २.८, जी खाली २ मिलिमीटर. पिकअप याहून जवळ आणला तर चुंबक ई तारेला ओढतं आणि सूर डगमगतो. शेवटी बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्या.

हे माप आखाजीला एकदा आणि पोळ्याला एकदा घेत चला. उन्हाळ्यात कोरड्या हवेने नेक सरळ होते, पावसाळ्यात परत वाकते.