मदत हवी आहे: बेडला लागून ठेवायचा क्रिब नीट बसत नाहीये

रानजाई (रात्री २:४०)
बेडसाइड क्रिब (आपल्या बेडला जोडायची, एक बाजू उघडणारी बाळाची छोटी खाट) वापरलेलं कुणी आहे का इथे? आमचा काही केल्या नीट बसत नाहीये. पट्टा लावून झाला, पाय वर-खाली करून झाले. पुस्तिकेतली चित्रं आमच्या बेडला लागूच होत नाहीत आणि दुकानदार फोन उचलत नाही. उंची कशी जुळवायची? दुसरा घ्यायचा तर कुठला घ्यायचा? कृपया पाळणा घ्या असं सांगू नका. पाळणा आहे, हॉलमध्ये आहे. सिझेरियन झालंय, दर दीड तासाने तिथपर्यंत जाणं जमत नाही. दोन रात्री डोळा लागलेला नाही. लवकर सांगा.

कोकणकन्या (सकाळी ६:०५)
अभिनंदन गं! मुलगा की मुलगी? किती दिवसांचं झालंय? क्रिब कुठल्या मापाचा आहे? काहीच लिहिलं नाहीस, सांगायचं कसं?

सोनचाफा (सकाळी ६:३०)
पाळणा नको तर झोळी बांध. मऊ सुती नऊवारी घे, बेडच्या शेजारी छताला हूक असेलच. पडल्या पडल्या दोरी ओढायची, उठायलाच नको. माझी तिन्ही झोळीत वाढली. त्या जाळीच्या डब्याला आठ-दहा हजार घालायचे आणि सहा महिन्यांनी माळ्यावर टाकायचा, कशासाठी?

टेक्सासकर (सकाळी ६:५२)
झोळीचा सल्ला कृपया मागे घ्या. झोळीत बाळाची पाठ गोल होते आणि हनुवटी छातीला टेकते. नवजात बाळाची मान स्वतःहून वर होत नाही, श्वासनळी तिथेच दुमडते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०२२ च्या सूचनांत स्पष्ट आहे: पाठीवर, टणक, सपाट पृष्ठभागावर, आई-वडिलांच्या खोलीत पण स्वतंत्र जागेवर, निदान पहिले सहा महिने. १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली बाळांची झोपण्याची साधनं इथे २०२२ च्या कायद्याने बंदच केली आहेत. क्रिबच्या आत बांधायच्या गुबगुबीत कडासुद्धा त्याच कायद्याने गेल्या.

सोनचाफा (सकाळी ७:१०)
अमेरिकेत झोळी कुणी बघितली आहे का? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलं झोळीत झोपली.

परिचारिका (सकाळी ७:२५)
सोनचाफा काकू, झोळीत झोपून मोठी झालेली मुलं आपल्याला दिसतात. जी राहिली नाहीत त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. नवजात विभागात माझी १४ वर्षं गेली आहेत, म्हणून बोलते. जागं बाळ, समोर माणूस बसलेलं, असं दिवसा थोडा वेळ खेळवायला मी काही म्हणणार नाही. पण रात्रभर, झोपलेल्या बाळंतिणीच्या हातात दोरी देऊन, नको.

रानजाई, पहिलं सांग: बाळ किती दिवसांचं? पूर्ण महिन्यांचं आहे ना? वजन किती? आणि या दोन रात्री बाळ नक्की कुठे झोपलं?

दोन_पिल्लं (सकाळी ७:४०)
धाग्यात घुसल्याबद्दल क्षमा. माझा मोठा ३ वर्षांचा आहे, बेडवरून पडतो. बेडला लावायचा कठडा कुठला चांगला? धाकटीच्या क्रिबचा काही उपयोग होईल का?

लंडनची_पाटलीण (सकाळी ११:१५)
मी वापरलाय, दोन्ही बाळंतपणांत. वस्तू खरंच उपयोगी आहे, मन खट्टू करून घेऊ नकोस. पण घेताना मी एकच बघितलं होतं: बेडकडची बाजू पूर्ण खाली येते की थोडा कठडा उरतो. इथल्या बीएस ईएन ११३०:२०१९ या मानकाप्रमाणे बाजू उघडल्यावरही किमान १२० मिलिमीटरचा कठडा उरायला हवा, म्हणजे साधारण पावणेपाच इंच. बाळ घरंगळून मोठ्या गादीकडे येऊ नये म्हणून. तुझ्या क्रिबची बाजू अगदी सपाट होते का? मोजून सांग.

सुतारकी (दुपारी १२:०२)
इतके प्रतिसाद झाले आणि बेड कुठला आहे हे कुणीच विचारलं नाही. मी फर्निचरच्या धंद्यात आहे. ताई, बेड पायांचा आहे की बॉक्स बेड? हायड्रॉलिक आहे का? गादी बेडच्या कडेला बरोबर आहे की लाकडी पट्टीच्या आत बसते? जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत उंची किती? या चार गोष्टी कळल्याशिवाय कुठलाही सल्ला हवेतला आहे. पुस्तिकेतली चित्रं लागू होत नाहीत म्हणालात तेव्हाच मला बॉक्स बेडचा संशय आला.

रानजाई (दुपारी १:३०)
सगळ्यांचे आभार. मुलगी आहे, ११ दिवसांची, ३७ आठवडे पूर्ण झाले होते, वजन २ किलो ८००. ठाण्यात १ बीएचके आहे, बॉक्स बेडच आहे, हायड्रॉलिक, खाली सगळी भांडी आणि गोधड्या. गादी पट्टीच्या आत बसते. जमिनीपासून वरपर्यंत २१ इंच. क्रिबचे पाय बेडखाली सरकायला हवेत, पण बेड जमिनीला टेकलेला, पाय जातच नाहीत. त्यामुळे मध्ये चार बोटं फट राहते. त्यात साबांनी (सासूबाईंनी) चादरीची घट्ट गुंडाळी करून भरली आहे, वर दुपटं अंथरलंय. म्हणजे तसं आता सपाट झालंय, पण पट्टा सैल पडतो. पट्टा बांधायला बेडला काही नाहीच, म्हणून हेडबोर्डच्या हँडलला बांधलाय. काल रात्री ती तिथेच झोपली. मला फक्त पट्टा घट्ट कसा करायचा ते सांगा.

परिचारिका (दुपारी १:३४)
रानजाई, हे वाचत असशील तर आधी बाळाला तिथून उचल. मग बाकीचं वाच.

ती गुंडाळी आणि दुपटं काढून टाक. या सगळ्यात धोका आहे तो त्या फटीचा. तुझं वजन कडेला पडलं की गादी दबते, गुंडाळी सरकते, क्रिब दोन बोटं मागे जातो आणि बाळ तोंड खाली करून त्या खाचेत जातं. ११ दिवसांच्या बाळाला मान वळवून तोंड मोकळं करता येत नाही, रडायचा आवाजही होत नाही. शेजारी आई झोपलेली असते आणि तिला कळत नाही. फट भरायची नसते, फट असताच कामा नये. आज रात्री क्रिबची बेडकडची बाजू वर करून लॉक कर आणि क्रिब बेडपासून हातभर लांब ठेव, वेगळा.

टेक्सासकर (दुपारी १:५०)
पूर्ण अनुमोदन. वरचा माझा प्रतिसाद सगळा बरोबर असला तरी तुमच्या प्रश्नाला उत्तर नव्हता. सुतारकींनी विचारलं ते मी विचारायला हवं होतं.

सुतारकी (दुपारी २:१०)
हँडल हे हँडल आहे ताई, ते दोन स्क्रूवर असतं. बेडसाइड क्रिबचा पट्टा मोठ्या गादीखालून पूर्ण आडवा जातो आणि पलीकडच्या बाजूला एक पट्टी किंवा हूक बेडच्या कडेला अडकतो. म्हणजे तुमच्याच गादीच्या आणि बेडच्या वजनाने क्रिब ओढून धरला जातो. डोक्याकडे बांधलेला पट्टा पायाकडची बाजू उघडी सोडतो, आणि फट तिथूनच सुरू होते.

आता पाय. बेडखाली पाय जात नसतील तर काही मॉडेलमध्ये पाय आत दुमडता येतात, ते बॉक्स बेडसाठीच केलेले असतात. पायाच्या सांध्यापाशी बटण किंवा पिन आहे का बघा. नसेल तर हा क्रिब तुमच्या बेडचा नाही. पाय कापायचा विचार कुणी डोक्यात घालेल, घालू देऊ नका, क्रिबचा तोल त्या लांब पायावरच असतो. खाली विटा किंवा लाकडी ठोकळेही नकोत.

दुसरं, ती लाकडी पट्टी. गादी पट्टीच्या आत बसली की गादी आणि क्रिब यांच्यात पट्टीची जाडी येतेच. तुमची पट्टी अर्ध्या-पाऊण इंचाची असेल आणि गादी पट्टीच्या चांगली वर येत असेल तर क्रिबची कड गादीला टेकते का ते हाताने दाबून बघा. टेकत नसेल तर दुमडत्या पायांचाही उपयोग नाही.

सोनचाफा (दुपारी २:४५)
काय बाई, अंगावर काटा आला. आमच्या वेळी आईजवळच घ्यायचे, ही फटीची भानगड नव्हती. मग कुशीतच घे की तिला. आईची ऊब मिळते, दूधही पडल्या पडल्या पाजता येतं.

परिचारिका (दुपारी ३:०५)
काकू, ऊब आणि दूध दोन्ही खरं आहे. पण या बाईला दोन रात्री झोप नाही, सिझेरियननंतरच्या गोळ्या चालू असणार, बेडवर मऊ गादी, दोन उशा, पांघरूण आणि नवरा. त्यात ११ दिवसांचं बाळ मी ठेवणार नाही. दूध पाजायला बेडवर घ्यावं, पाजून झालं की परत क्रिबमध्ये. सोफ्यावर बसून मात्र रात्री पाजू नकोस, रानजाई. सोफ्यावर डोळा लागणं बेडवर डोळा लागण्यापेक्षा वाईट. बाळ हाताच्या आणि पाठटेकूच्या मध्ये अडकतं.

कोकणकन्या (दुपारी ३:३०)
अवांतर होईल, पण मच्छरदाणीचं काय? ठाण्यात डास फार. आम्ही छत्रीसारखी उघडणारी ठेवायचो.

लंडनची_पाटलीण (दुपारी ४:२०)
क्रिबवर घालायची तर बाहेरून ताणून बसणारी, खाली लोंबून आत न येणारी. आत फक्त टणक गादी आणि ताणून बसवलेली चादर. उशी नको, मऊ खेळणं नको, सुटं दुपटं नको.

रानजाई (संध्याकाळी ५:५०)
बाळाला तेव्हाच उचललं. गुंडाळी काढली. हात थरथरत होते, म्हणून लगेच लिहिलं नाही. मी रात्री तिच्याकडे तोंड करून, हात त्या गुंडाळीवर ठेवून पडले होते, मला वाटलं मी तिला धरून आहे.

साबांना धागा वाचून दाखवला. त्यांना फार वाईट वाटलं, त्यांनी प्रेमानेच केलं होतं. त्यांचा एक प्रश्न आहे आणि माझाही आहे: पाठीवर झोपवलं आणि दूध वर आलं तर घशात जाणार नाही का? म्हणून त्या कुशीवर वळवून पाठीला उशी लावतात. आणि डोक्याला मोहरीची उशी आहे, डोकं गोल व्हायला.

परिचारिका (संध्याकाळी ६:२०)
त्यांना माझा नमस्कार सांग. हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते आणि तो विचारायलाच हवा.

पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनळी वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध श्वासनळीत जायला चढून जावं लागतं, म्हणून ते बहुधा परत गिळलं जातं किंवा तोंडाच्या कडेने बाहेर येतं. पोटावर झोपवलं की हे उलटं होतं. कुशीवरचं बाळ पोटावर कधी वळेल सांगता येत नाही, उशी लावली तरी. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा आणि मग पाठीवर. ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम झाली, त्यानंतर अमेरिकेत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. दूध अडकून बाळं जायला लागली असं काही झालं नाही.

मोहरीची उशी काढा. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून एका रात्री तोंड डावीकडे, दुसऱ्या रात्री उजवीकडे. दिवसा जागी असताना आजींनी छातीवर पालथं घ्यावं, ते त्यांच्या हक्काचं काम. गळ्यात काळा दोरा असेल तर तोही काढ, मनगटाला नको, पायाला नको. दृष्टीसाठी काजळाचा ठिपका तळपायाला लावू दे त्यांना.

आणि तुझ्यासाठी: उठताना सरळ उठून बसू नकोस. गुडघे दुमडून कुशीवर वळ, पाय खाली सोड, हातावर जोर देऊन ऊठ. टाक्यांवर ताण कमी येतो. क्रिबकडे कमरेतून वळून बाळ उचलायचं नाही. नवरा कुठे आहे रात्री?

रानजाई (संध्याकाळी ६:४०)
हॉलमध्ये झोपतो, सकाळी ७ ची लोकल असते म्हणून मीच पाठवलं. साबा माझ्याजवळ.

टेक्सासकर (संध्याकाळी ७:१५)
त्याला आत बोलवा. मी दोन्ही मुलांच्या वेळी रात्रीचं काम वाटून घेतलं होतं: बाळ रडलं की मी उचलून बायकोच्या हातात द्यायचं, पाजून झालं की ढेकर काढून लंगोट बदलून परत ठेवायचं. ती बेडवरून उतरतच नव्हती. तुमची अडचण बेडवरून उठायची आहे, ती क्रिबशिवायही सुटते.

कोकणकन्या (संध्याकाळी ७:३०)
लोकलने जाणाऱ्या माणसाला रात्री चार वेळा उठवायचं? तो दारात उभा राहून डुलकी काढेल. साबा आहेत ना शेजारी.

परिचारिका (संध्याकाळी ७:५०)
दोघांनी वाटून घ्यावं. रात्री १२ पर्यंत तो, पुढे आजी. एका बाळंतिणीने ११ व्या दिवशी एकटीने निभवायचं हा हट्ट कुणाचाच नको.

रानजाई (दुसऱ्या दिवशी, सकाळी १०:१५)
काल क्रिब वेगळा ठेवला, बाजू वर. १२ पर्यंत नवऱ्याने, पुढे साबांनी तिला हातात दिलं. मी सलग तीन तास झोपले, बाळंतपणानंतर पहिल्यांदा.

आमच्या क्रिबच्या पायाला बटण नाही, दुमडत नाहीत. पट्टी पाऊण इंच आहे, गादी पट्टीच्या अडीच इंच वर येते. दुकानदाराने शेवटी फोन घेतला, बदलून देतो म्हणाला, दुमडत्या पायांचा आहे त्याच्याकडे. बाजू उघडल्यावर उरणारा कठडा टेपने मोजून फोटो पाठवा असं मी सांगितलंय. सुतारकी दादा, हायड्रॉलिक बेड उघडताना पट्ट्याचं काय करायचं?

सुतारकी (सकाळी १०:४०)
पट्टा गादी आणि प्लायच्या मधून जाईल, त्यामुळे बॉक्स उघडायच्या आधी बाळ बाहेर, पट्टा सोडायचा, क्रिब मागे घ्यायचा. सोपं म्हणजे क्रिब आहे तितके महिने लागणाऱ्या गोधड्या आणि भांडी आजच बाहेर काढून ठेवा. जोडून झाल्यावर बेडच्या त्या कडेला नवऱ्याला बसवा, गादी दबू द्या आणि तेव्हा क्रिब हाताने बाहेर ओढून बघा. बोट गेलं तरी जोडून वापरू नका, वेगळाच ठेवा. रोज रात्री हे बघायचं, पट्टे सैल होतात.

लंडनची_पाटलीण (सकाळी ११:३०)
आणि ती वळायला लागली किंवा हातांवर जोर देऊन उठायला बघू लागली की क्रिब बंद, वजन पुस्तिकेतल्या मर्यादेत असलं तरी. माझी धाकटी साडेचार महिन्यांतच वळली होती.

दोन_पिल्लं (दुपारी १२:१०)
मी धाकटीचा क्रिब आत्ता तपासला. बॉक्स बेडच आहे आमचाही, आणि माझी दोन बोटं जातात. आजपासून बाजू वर. मोठ्याच्या कठड्याचं मात्र कुणी सांगा.

सुतारकी (दुपारी १२:२५)
३ वर्षांच्या मुलाला कठडा नको, गादी जमिनीवर टाका. कठडा आणि गादी यांच्यातही तीच फट येते.