मानधनाइतकाच हक्कांचा करारही महत्त्वाचा

एखाद्या कला केंद्राने चित्रकारांना नवे काम सांगताना मानधन आणि साहित्याचा खर्च वेगवेगळा धरावा, असे एक मत आहे आणि ते मला पूर्णपणे पटते. मात्र त्या कामावरील हक्कांचा विचारही त्यासोबत व्हायला हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन चित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर त्याचा पहिला स्वामित्वहक्क (कॉपीराइट, म्हणजे त्याच्या प्रती काढण्याचा व छापण्याचा हक्क) काम सांगणाऱ्याकडे जातो. (शिल्पाचा उल्लेख त्या तरतुदीत नाही.) बेळगावातील एका संस्थेसाठी मी खानापूरच्या जंगलाचे चित्र काढले होते, पुढे ते तिच्या दिनदर्शिकेवर माझ्या नावाशिवाय छापले गेले, आणि त्याचे दुःख मला आजही आहे.

स्वामित्वहक्क गेला तरी आपले नाव लावण्याचा आणि कामाच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे कलावंताकडेच राहतो, हे मला फार उशिरा कळले. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले, तेव्हा याच कलमाच्या आधारे त्यांना २००५ मध्ये उच्च न्यायालयात न्याय मिळाला. आपल्या बेळगाव भागात करारपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर सही करण्यापूर्वी त्याचा मराठी अनुवाद जरूर मागावा.